दोरीच्या दोन टोकांचा वेग

प्रस्तावना

बोटीमागे दोरी धरून, एकाच फळीवर उभा राहून पाणी कापत जाणारा स्कीअर दिसला की नजर त्याच्यावरच खिळते. बाजूला उडणारा पाण्याचा पडदा, जवळजवळ आडवे झालेले शरीर, ताणलेले दंड हे सगळे डोळ्यांत भरते. पुढे धावणाऱ्या बोटीकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रस्तुत पुस्तक त्या बोटीविषयी आहे. बोटीचा वेग कोण सांभाळतो, कसा सांभाळतो आणि बोट बदलली की दोरी धरणाऱ्याला स्वतःत काय बदलावे लागते, हा त्याचा विषय. नियंत्रणशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या शास्त्राचे इतके जिवंत उदाहरण मराठीत पुस्तकरूपाने येत आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

विषयाचे मर्म एका वाक्यात सांगता येते. बोटीचा वेग कायम ठेवायचा असेल तर दोरीतली ओढ कायम राहू शकत नाही. स्कीअर एका बाजूला जोराने झुकला की बोट मागे खेचली जाते. तिचा वेग पडू द्यायचा नसेल तर इंजिनाला तेवढा जादा जोर लावावा लागतो आणि तो जोर दोरीतून स्कीअरच्या हातात उतरतो. किती उतरतो, कधी उतरतो, किती वेळ टिकतो, हे बोटीगणिक आणि यंत्रणेगणिक वेगळे असते. काट्यावरचा आकडा तोच असला तरी हाताला येणारी ओढ निराळी असते. जुन्या बोटीवर वर्षानुवर्षे सहज खेळणारा माणूस नव्या बोटीमागे अचानक चाचपडू लागतो तो यामुळेच.

नवख्या वाचकासाठी आधी खेळाची आखणी सांगतो. वॉटर स्कीइंगच्या ज्या प्रकारात बोयांना वळसे घालत जायचे असते त्याला स्लालम म्हणतात. स्लालमचा मार्ग २५९ मीटर लांबीचा असतो. मधून बोट सरळ जाते. तिच्यासाठी तरंगत्या बोयांची २.३ मीटर रुंद गल्ली आखलेली असते. या गल्लीच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर, एक उजवीकडे तर एक डावीकडे, असे सहा बोये असतात. स्कीअरने प्रवेशाच्या फाटकातून आत शिरायचे, सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा आणि शेवटच्या फाटकातून बाहेर पडायचे. फाटकापासून पहिल्या बोयापर्यंत बोटीच्या दिशेने २७ मीटर, पुढे दर दोन बोयांमध्ये ४१ मीटर आणि शेवटी पुन्हा २७ मीटर. पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, महिलांच्या गटात ५५. ताशी ५८ किलोमीटरने हा मार्ग १६.०८ सेकंदांत संपतो, ५५ ने १६.९५ सेकंदांत. स्पर्धेत बोटीचा वेळ सेकंदाच्या शतांशात तपासला जातो. कारण साधे आहे. या वेगाने सेकंदाच्या दहाव्या भागात बोट दीड मीटरहून जास्त पुढे सरकते आणि तेवढ्या अंतराने बोया हुकतो.

फेरी यशस्वी झाली की पुढच्या फेरीत बोटीचा वेग तीन किलोमीटरने वाढतो. गटाची कमाल मर्यादा गाठली की वेग तिथेच राहतो आणि दोरी आखूड होऊ लागते: १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५. यातली एक गोष्ट वाचकाने थांबून पाहावी. ११.२५ पासून पुढे दोरीच बोयाच्या अंतरापेक्षा आखूड आहे. बोटीच्या मध्यावरच्या खांबाला बांधलेली दोरी पूर्ण आडवी झाली तरी बोयापर्यंत पोचत नाही. उरलेले अंतर स्कीअरने आपल्या शरीराने भरून काढायचे असते, एक हात लांबवून, फळी बाहेर ढकलून. २०१३ साली अमेरिकेच्या नेट स्मिथने ९.७५ मीटरच्या दोरीवर अडीच बोये घेतले आणि तो जागतिक विक्रम ठरला. सहा नव्हे, अडीच! त्या पातळीवर बोटीच्या ओढीतला बारीकसा फरकसुद्धा किती मोठा ठरत असेल, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

या खेळाचा जन्म १९२२ सालचा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सीमेवर लेक पेपिन नावाचे सरोवर आहे. मिसिसिपी नदीच तिथे रुंद होऊन सरोवर बनली आहे. २ जुलै १९२२ रोजी राल्फ सॅम्युएल्सन हा अठरा वर्षांचा तरुण फळ्यांची टोके पाण्यावर उचलून, मागे झुकून बोटीमागे उभा राहिला. त्याआधी पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून त्याचे प्रयत्न फसले होते. त्या दिवशी बोट त्याचा भाऊ बेन चालवत होता. इतिहासात राल्फचे नाव ठळक अक्षरांत आहे, पण बोट हाकणारा माणूस या खेळात पहिल्या दिवसापासून बरोबरीचा भागीदार आहे. राल्फने पेटंट घेतले नाही. पाण्यावरच्या स्कीचे पेटंट १९२५ साली फ्रेड वॉलर यांना मिळाले. १९३९ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि १९४९ साली फ्रान्समधल्या ज्वाँ-ले-पँ इथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनीय म्हणून दाखवण्यात आला. सुरुवातीला दोन फळ्या होत्या. स्लालमसाठी पुढे एकच फळी रूढ झाली. बोटीही बदलल्या. इंजिन मध्यावर आले, तळाला सरळ चालीसाठी पाती लागली, मागे उठणारी लाट बसकी झाली.

ज्या १९२२ साली लेक पेपिनवर हे घडले, त्याच साली निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने जहाजाचे सुकाणू आपोआप धरून ठेवण्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अनुभवी सुकाणूधारी काय करतो याचे त्याने बारकाईने निरीक्षण केले होते. जहाज दिशेपासून किती ढळले आहे, किती वेळ ढळलेले आहे आणि किती झपाट्याने ढळते आहे, या तिन्ही गोष्टींचा अंदाज घेऊन तो चाक फिरवतो. आजच्या बहुतेक स्वयंचलित नियंत्रकांचे गणित या तीन प्रश्नांवर उभे आहे. त्याच्याही मागे जायचे तर जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवलेला, वेग आपोआप सांभाळणारा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर आहे, आणि असे गव्हर्नर कधीकधी स्थिर राहण्याऐवजी हेलकावे का घेतात याचे गणित मांडणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा १८६८ सालचा निबंध आहे. स्की-बोटीतली वेगनियंत्रक यंत्रणा या घराण्यातलीच.

आमच्या शिरड शहापूर परिसराला हे घराणे परके नाही. इथल्या वावरात ट्रॅक्टरला मळणीयंत्र जोडून, हँडरेस लावून सोयाबीन काढणारा कोणीही माणूस घ्या. मोठा पेंढा आत गेला की इंजिन दबते, क्षणभर आवाज जड होतो, धुराड्यातून काळा धूर निघतो आणि मग इंजिन सावरते. दबणे आणि सावरणे यांच्या मधल्या क्षणात गव्हर्नरने जास्त डिझेल सोडलेले असते. कसलेला माणूस त्या आवाजावरून पेंढा किती आणि कधी सोडायचा हे ठरवतो. ट्रॅक्टर नवा आला की त्याचे पहिले काही दिवस कान लावण्यात जातात, कारण नव्या इंजिनाची सावरायची चाल वेगळी असते. नव्या स्की-बोटीमागे उभ्या राहणाऱ्याला नेमके हेच करावे लागते, फक्त त्याला ते कानाऐवजी मनगटाने आणि कमरेने ऐकावे लागते.

याच कामाचे मोठे रूप पाहायचे तर पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या पायथ्याचे वीजगृह आहे. तिथली क्षमता २२.५ मेगावॉट. विजेची मागणी वाढली की जनित्राचा वेग पडू पाहतो. गव्हर्नर झडपा उघडून टर्बाइनवर जास्त पाणी सोडतो. पाणी जड असते, लगेच वेग घेत नाही, म्हणून झडप फार घाईने उघडून चालत नाही आणि फार उशीर करूनही चालत नाही. हे ‘किती’ आणि ‘कधी’ स्की-बोटीच्या पडद्यावर दोन खुणांच्या रूपाने पुन्हा भेटते.

बोटीचा वेग सांभाळण्याच्या आजवर तीन परंपरा झाल्या.

पहिली हाताची. चालकाचा एक हात सुकाणूवर, दुसरा थ्रॉटलच्या दांड्यावर. वेगाचा काटा पाण्याच्या दाबावर चालायचा. बोटीखालच्या बारीक नळीच्या तोंडावर येणाऱ्या पाण्याचा दाब काटा हलवायचा आणि नळीत शेवाळ अडकले की काटा खोटे बोलायचा. म्हणून स्पर्धेच्या बोटींत दोन काटे बसवत आणि काठावर घड्याळ लावून वेळ तपासत. खरा चालक मात्र काट्याच्या आधीच जागा व्हायचा. स्कीअर झुकायला लागला की बसल्या जागी पाठीला ओढ जाणवते. काटा पडण्यापूर्वी तो दांडा केसभर पुढे ढकलायचा आणि स्कीअर बोयाकडे वळला की तेवढाच मागे घ्यायचा. या परंपरेत चालक आणि स्कीअर यांची जोडी जमायची. कोण केव्हा ओढतो हे एकमेकांना पाठ असायचे. त्यात कौशल्य मोठे होते आणि अन्यायही होता. ज्याला चांगला चालक मिळाला त्याचे बोये जास्त.

दुसरी परंपरा इंजिनाच्या फेऱ्यांची. १९९० च्या दशकात कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातील परफेक्टपास ही यंत्रणा बोटींवर दिसू लागली. एक छोटी मोटर थ्रॉटलची तार ओढायची आणि इंजिनाचे मिनिटाचे फेरे ठरवलेल्या आकड्यावर धरून ठेवायची. मार्गातल्या बोयांखाली चुंबक टांगलेले असत. बोट त्यांवरून गेली की यंत्रणा वेळ मोजायची. त्या वेळेवरून पुढच्या फेरीसाठी फेरे थोडे वाढवायचे किंवा कमी करायचे. समोरचा वारा असेल, बोटीत एक माणूस जास्त बसला असेल, तर हिशेब पुन्हा करावा लागे. फेरे स्थिर असले तरी बोटीचा वेग स्कीअरच्या ओढीखाली किंचित पडायचा आणि पुन्हा भरून यायचा. त्या किंचित पडण्यामुळे दोरी हाताला मऊ लागायची. पुष्कळ स्कीअरांचे शरीर या मऊपणावर घडले.

तिसरी परंपरा उपग्रहाची. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली आणि साध्या उपकरणालाही आपली जागा बरीच अचूक कळू लागली. वेग मोजायला जागेचीही गरज नसते. उपग्रहाच्या संकेताच्या वारंवारतेत गतीमुळे पडणाऱ्या फरकातून तो थेट मिळतो. याच सुमारास इंजिनांची थ्रॉटल तारेऐवजी विजेच्या संदेशावर उघडू लागली. या दोन गोष्टींच्या बळावर टेक्सासच्या ई-कंट्रोल्स कंपनीची झिरो ऑफ यंत्रणा आली. परफेक्टपासनेही जीपीएसवर चालणारी आवृत्ती काढली. चालक एकदा मार्गावरून बोट नेऊन दोन्ही टोकांची फाटके यंत्रणेला दाखवून ठेवतो. पुढे ती प्रत्येक फेरीचा वेळ स्वतः सांगते. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस मोठ्या स्पर्धांनी ही पद्धत स्वीकारली. चालकाच्या हाताचा फरक संपला, विक्रमांना सारखी पट्टी मिळाली. त्याच वेळी कित्येक जुन्या खेळाडूंनी तक्रार केली की बोट आता दणका देते. त्यांचे म्हणणे खरे होते. जो वेग आधी किंचित पडायचा तो आता पडू दिला जात नव्हता, आणि न पडण्याची किंमत दोरीतून त्यांच्या खांद्यांकडे येत होती.

यावर उपाय म्हणून यंत्रणेत निवडीची सोय आहे. झिरो ऑफमध्ये ए, बी, सी ही अक्षरे आणि १, २, ३ हे आकडे, मिळून नऊ जोड्या. बोटीने प्रतिसाद कधी द्यायचा आणि किती जोराने द्यायचा, या दोन गोष्टी त्या जोड्यांतून ठरतात. ताशी ५८ किलोमीटरला सगळ्या जोड्यांमध्ये वेळ १६.०८ च्या आसपासच येतो. घड्याळाला त्या सारख्या. फरक कळतो तो शरीराला.

तो फरक नेमका कुठे कळतो हे जवळून पाहू. ५८ च्या वेगाने एका बोयापासून दुसऱ्या बोयापर्यंत बोटीला अडीच सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ती ४१ मीटर पुढे जाते आणि स्कीअर २३ मीटर आडवा जातो. अगदी सरळ रेषेत गेला असे धरले तरी त्याला ४७ मीटर कापावे लागतात. म्हणजे त्याचा सरासरी वेग ताशी ६६ किलोमीटरहून कमी असूच शकत नाही. प्रत्यक्षात वाट वळणाची असल्याने आणि बोयापाशी तो मंदावत असल्याने मध्यावर तो त्याहून बराच वेगवान असतो. बोयाला वळसा घातला की दोरी ताठ होते, तो बोटीपासून दूर झुकतो, बोट दबते, यंत्रणेला ते कळते, थ्रॉटल उघडते, इंजिन पंख्याला पिळते, पंखा पाणी मागे ढकलतो. या साखळीला वेळ लागतो. जादा जोर स्कीअर अजून झुकलेला असताना आला, तर तो त्याला बोटीमागच्या दोन लाटांपलीकडे फेकायला कामी येतो. तोच जोर उशिरा आला, म्हणजे लाटा ओलांडून तो फळीची कड बदलत असताना आला, तर नको तेव्हा वेग मिळतो. बोयापाशी तो गरजेपेक्षा जलद पोचतो, दोरी ढिली पडते आणि वळून होते न होते तोच झटका बसतो. पुढच्या बोयाला उशीर, त्याच्या पुढच्याला आणखी उशीर. चौथ्या बोयावर पडलेल्या माणसाची चूक अनेकदा पहिल्या बोयाच्या आधी, फाटकाकडे वळतानाच झालेली असते.

याच जागी स्कीअरांच्या दोन प्रकृती वेगळ्या होतात. काही जण बोयापासून निघताच ताड्कन जोर लावतात आणि लवकर सोडतात. काही जण जोर हळूहळू वाढवत नेतात आणि लाटेपर्यंत टिकवतात. पहिल्या प्रकारच्या माणसाला चटकन उत्तर देणारी आणि चटकन शांत होणारी बोट मानवते. दुसऱ्याला सावकाश, लांब ओढणारी. वजनानेही फरक पडतो. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस बोटीला जेवढे दाबतो तेवढे पन्नास किलोची मुलगी दाबत नाही, त्यामुळे त्याच जोडीवर दोघांना दोन वेगळ्या बोटी भेटतात. कोणती निवड चांगली असे विचारण्यात अर्थ नाही. कोणाच्या खेळाला कोणती, एवढाच प्रश्न योग्य.

नव्या बोटीत यंत्रणेखेरीजही पुष्कळ गोष्टी बदललेल्या असतात. इंजिनाची ताकद, गिअरचे प्रमाण, पंख्याच्या पात्यांचा पीळ, बोटीचे वजन, तळाचा आकार, मागच्या लाटेची उंची आणि कठीणपणा. केवळ पंखा बदलला तरी तीच यंत्रणा निराळी वागते. टाकीत इंधन किती, बोटीत माणसे किती, वारा कुठून, यांचाही हिशेब असतो. पाठचा वारा असला की बरोबर वेळेत चाललेली बोटसुद्धा स्कीअरला पळाल्यासारखी वाटते, कारण त्याच्या अंगावरचा हवेचा अडसर कमी झालेला असतो. वाहत्या पाण्यात आणखी एक पेच आहे. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग धरते, फळी मात्र पाण्याच्या हिशेबाने चालते. नदीत किंवा भरती-ओहोटीच्या खाडीत दोन दिशांच्या फेऱ्या म्हणूनच सारख्या लागत नाहीत.

अशा वेळी घाईने कळा दाबत सुटणे हा सर्वांत वाईट मार्ग. लेखकाने सुचवलेली शिस्त मला फार पटली. आधी आपल्या हुकमी दोरीहून एक-दोन टप्पे लांब दोरी घ्यावी. यंत्रणा मधल्या निवडीवर ठेवावी आणि तिच्याकडे काही दिवस पाहूच नये. फेरीचे वेळ तपासून बोटीचे मोजमाप खरे आहे याची खात्री करावी. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान काही फेऱ्या तिच्यावर राहावे. वहीत वारा, तापमान, माणसे, दोरी, निवड लिहावी आणि शेजारी ओढ कोणत्या क्षणी जाणवली ते आपल्या शब्दांत लिहावे. ‘बोट वाईट’ अशी नोंद निरुपयोगी. ‘दुसऱ्या लाटेनंतर मागून ढकलल्यासारखे झाले’ ही नोंद उपयोगी, कारण तीत वेळ आहे आणि वेळेवर इलाज करता येतो. त्या इलाजातला अर्धा भाग पडद्यावरच्या निवडीत असतो, अर्धा स्कीअरच्या झुकण्यात. जो फक्त निवड बदलतो त्याला पुढच्या बोटीवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मराठी वाचकाने हे का वाचावे, हा प्रश्न रास्त आहे. येलदरीच्या किंवा तिच्या खालच्या सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर स्लालमचा मार्ग आखलेला नाही. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे धरणाच्या पाण्याकडे खेळाच्या नजरेने पाहायला मन कचरते आणि कचरावेच. आधी पिण्याचे, मग पिकाचे, मग बाकीचे. पण दुष्काळी गावाचा पाण्याच्या खेळाशी संबंध नसतो असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही गावचा दत्तू भोकनळ घरच्या परिस्थितीमुळे विहिरी खोदण्याची कामे करून मोठा झाला, सैन्यात गेला, पुण्यात वल्ही हातात घेतली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेराव्या क्रमांकावर आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघांत होता. पाणी पुढ्यात असणे आणि पाण्याचे ज्ञान मिळणे यांत दुसरी गोष्ट जास्त दुर्मिळ आहे.

त्या ज्ञानाची गरज आपल्या किनाऱ्यावर रोज आहे. मालवण-तारकर्लीपासून अलिबागपर्यंत आणि पुढे गोव्यात दोरीने माणूस ओढणाऱ्या बोटी दिवसभर फिरतात. कोणी पॅराशूटला बांधलेला, कोणी केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसलेला. तिथे स्लालमचे बोये नाहीत, पण दोरीचे शास्त्र तेच. ओढ कधी वाढली, कधी सुटली, वळणावर बाहेरच्या माणसाचा वेग बोटीहून किती जास्त झाला, हे ज्या चालकाला कळते त्याच्या मागचा माणूस सुखरूप परततो. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी बोट हाकण्याचे शिक्षण मिळते. त्याला जोड देणारे मराठीतले वाचन मात्र हाताशी नव्हते. परदेशी तळ्याकाठी वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही हे पुस्तक आपल्या भाषेत बोलता येईल असा विषय देईल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तर यात गव्हर्नर, विलंब, हेलकावे, प्रतिसाद या सगळ्या कल्पना एका दोरीवर भेटतील. आणि विषय जुना होण्याच्या बेतात नाही, नवा होण्याच्या बेतात आहे. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या स्की-बोटी बाजारात आल्या आहेत. विजेची मोटर जोर जवळजवळ तत्क्षणी देते. आजवर इंजिनाच्या सावकाशीवर बसवलेली सगळी गणिते तिथे पुन्हा मांडावी लागतील, आणि स्कीअरांनाही पुन्हा शिकावे लागेल.

लेखक मूळचे आमच्या भागातले, नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत स्थिरावलेले अभियंता आहेत. सरावाची बोट बदलल्यावर आपला खेळ का बिघडला, या प्रश्नाचा त्यांनी केलेला पाठपुरावा हे या पुस्तकाचे मूळ आहे. त्यांनी कोणत्याही कंपनीची बाजू घेतलेली नाही, कोणत्याही एका शैलीचा प्रचार केलेला नाही. यंत्रणा आतून कशी विचार करते, स्कीअरचे शरीर त्या विचाराला कसे उत्तर देते आणि चालकाचे स्थान अजूनही का संपलेले नाही, या तीन धाग्यांवर त्यांनी पुस्तक विणले आहे. तिसरा धागा मला विशेष मोलाचा वाटतो. यंत्राने वेग हाती घेतला तरी बोट गल्लीच्या मधोमध सरळ नेणे, पडलेल्या माणसाकडे सावकाश परतणे, त्याच्याजवळ पोचताच पंखा थांबवणे, मागे लक्ष ठेवणारा माणूस बोटीत असल्याशिवाय न निघणे, ही कामे माणसाचीच आहेत. लाइफ जॅकेट आणि हातांच्या खुणा यांवरची पाने वाचकाने उतावीळपणे उलटू नयेत.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. पाण्यावर कधीच उभा न राहिलेला माणूस हे वाचून स्कीअर होणार नाही, आणि लेखकाचा तसा दावाही नाही. फळीची पाती कशी बसवावी, जोडा कुठे घट्ट करावा, हा वेगळ्या पुस्तकाचा विषय म्हणून त्यांनी बाजूला ठेवला आहे. वेग आणि ओढ यांच्यापलीकडे ते जात नाहीत, आणि म्हणूनच या दोन गोष्टी तळापर्यंत नेऊ शकले आहेत. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत त्यांनी हट्ट धरला नाही. थ्रॉटलला थ्रॉटल म्हटले, बोयाला आपल्या खलाशांचा बोया ठेवला. भाषा त्यामुळे मोकळी राहिली आहे.

नियंत्रणशास्त्राच्या वर्गात आम्ही मुलांना शिकवत आलो की उत्तम नियंत्रक म्हणजे जो ठरलेल्या आकड्यापासून कमीत कमी ढळतो. हे पुस्तक वाचताना त्या व्याख्येत एक भर घालावीशी वाटली. नियंत्रकाच्या दुसऱ्या टोकाला माणूस असेल, तर आकडा पाळला गेला एवढ्याने काम संपत नाही; आकडा पाळण्याची रीत त्या माणसाला पेलली पाहिजे, आणि पेलत नसेल तर रीत बदलण्याची मुभा त्याला असली पाहिजे. त्या नऊ जोड्यांची सोय याच समजुतीतून आली आहे. यंत्रे आपल्या जगण्यातल्या आणखी कितीतरी गोष्टींचा वेग हाती घेत असताना ही समजूत तळ्यापुरती राहू नये. वाचकाने हे पुस्तक वही जवळ ठेवून वाचावे, शक्य असेल त्याने पाण्यावर पडताळून पाहावे, आणि आपल्या नोंदी लेखकाकडे पाठवाव्यात. पुढची आवृत्ती त्या नोंदींनी समृद्ध होईल.

शिरड शहापूर,
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली